किनारी व अंतर्देशीय गोल्फ मैदाने आणि प्रमुख स्पर्धांचे यजमानपद : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :

टेनिसच्या कोर्टाची मापे जगभर एकच असतात. क्रिकेटच्या मैदानाचा आकार कमीअधिक असला, तरी खेळपट्टी २२ यार्डांचीच असते. गोल्फच्या बाबतीत मात्र चेंडू ज्या खळग्यात टाकावयाचा त्याचा व्यास (४.२५ इंच) आणि रूढ झालेली १८ होलची संख्या सोडल्यास मैदानाविषयी जवळजवळ काहीच निश्चित नाही. उतार, माती, गवत, झाडे, पाणी आणि वारा हे सर्व घटक जागेनुसार बदलतात. त्यामुळे इतर खेळांत स्पर्धेचे ठिकाण ही प्रामुख्याने सोयीची बाब असते, तर गोल्फमध्ये ठिकाण निवडणे म्हणजे प्रश्नपत्रिका निवडणे होय.

पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये ओपन चॅम्पियनशिप, यूएस ओपन, पीजीए चॅम्पियनशिप आणि मास्टर्स या चार स्पर्धा 'मेजर' म्हणजे प्रमुख मानल्या जातात. यांपैकी ओपन ही आजवर केवळ समुद्रकिनारी झाली आहे, तर मास्टर्स दरवर्षी एकाच अंतर्देशीय मैदानावर होते. उरलेल्या दोन स्पर्धा दोन्ही प्रकारच्या मैदानांवर फिरत राहतात. या दोन प्रकारांत नेमका भेद कोणता, तो खेळाडूच्या कसोटीवर कसा परिणाम करतो आणि यजमानपदाच्या निवडीत कोणते प्रश्न गुंतलेले आहेत, यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रत्येक होलची सुरुवात 'टी' या जागेपासून होते. तेथून खळग्यापर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे 'फेअरवे', त्याच्या दोन्ही बाजूंचे वाढलेले गवत म्हणजे 'रफ', वाळूचे खड्डे म्हणजे 'बंकर' आणि खळग्याभोवतीची अत्यंत बारीक कापलेली हिरवळ म्हणजे 'ग्रीन' होय. निपुण खेळाडूकडून अपेक्षित असलेल्या फटक्यांच्या संख्येस 'पार' म्हणतात. फटके जितके कमी, तितका खेळ श्रेष्ठ.

१. किनारी मैदान म्हणजे काय ? :

किनारी मैदानास 'लिंक्स' ही संज्ञा आहे. समुद्र आणि लागवडीखालील शेतजमीन यांच्या मधला वाऱ्याने उडून आलेल्या वाळूचा उंचसखल पट्टा, असा तिचा अर्थ. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हा पट्टा नांगरटीस निरुपयोगी होता. म्हणून तो चराईसाठी आणि खेळासाठी मोकळा राहिला. कोकणातील पुळण पाहिलेल्या वाचकास या भूमीची काहीशी कल्पना येऊ शकेल. मात्र लिंक्सवर नारळ वा सुरूची झाडे नसून आखूड, टणक गवत आणि काटेरी झुडपे असतात.

या भूमीचे तीन गुणधर्म महत्त्वाचे आहेत. पहिला, वाळूतून पाण्याचा निचरा त्वरित होतो. त्यामुळे पृष्ठभाग कठीण राहतो आणि चेंडू पडल्यावर बराच अंतर घरंगळतो. दुसरा, अशा निकृष्ट मातीत फेस्क्यूसारखे बारीक गवत अल्प पाण्यावर व अल्प खतावर तग धरते. तिसरा, झाडांचा आडोसा नसल्याने वारा थेट खेळात शिरतो. खेळाडूस चेंडू उंच उडवण्याऐवजी तो जमिनीलगत ठेवून उतारांचा उपयोग करून घ्यावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नकाशावरील समुद्रापासूनचे अंतर हा या वर्गीकरणाचा खरा निकष नव्हे. इंग्लंडमधील रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्स या मैदानावरून समुद्र दिसत नाही. त्याच्याभोवती घरे आणि लोहमार्ग आहे. तरीही माती व वारा यांमुळे ते लिंक्सच ठरते. उलट अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील पाइनहर्स्ट क्र. २ हे मैदान समुद्रापासून दूर असूनही वाळूच्या पट्ट्यावर वसलेले असल्याने त्याचा काही स्वभाव किनारी मैदानांसारखा आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी :

पहिली ओपन स्पर्धा १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे झाली. तेथे १२ होल होते. आठ खेळाडूंनी एकाच दिवसात तीन फेऱ्या पूर्ण केल्या आणि विली पार्क यांनी १७४ फटक्यांत विजय मिळवला. १८९२ मध्ये म्यूरफील्ड येथे ही स्पर्धा ७२ होलची झाली आणि १८९४ मध्ये सँडविच येथील रॉयल सेंट जॉर्जेस मैदानाच्या रूपाने ती प्रथमच स्कॉटलंडबाहेर गेली. ठिकाणे बदलली, परंतु किनारा सुटला नाही.

अंतर्देशीय गोल्फ मागे राहण्याचे कारण मातीत होते. चिकणमातीची जमीन हिवाळ्यात चिखलाने भरत असे आणि उन्हाळ्यात तेथील गवत आवरत नसे. एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवत कापण्याचे यंत्र तयार केले आणि पुढे अशा यंत्रांचा प्रसार झाला, तेव्हा ही अडचण कमी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या परिसरातील वालुकामय माळरानांवर सनिंगडेल (१९०१) आणि वॉल्टन हीथ (१९०४) ही मैदाने उभी राहिली. अंतर्देशीय गोल्फ प्रतिष्ठित झाला तो अशा प्रकारे वाळूचाच शोध घेत.

अमेरिकेत परिस्थिती भिन्न होती. औद्योगिक संपत्ती अंतर्भागातील शहरांत एकवटलेली असल्याने मैदानेही तेथेच तयार झाली. पिट्सबर्गजवळील ओकमाँट हे मैदान पोलाद उद्योगातील हेन्री फाउन्स यांनी आखले व ते १९०३ मध्ये सुरू झाले. २०२५ पर्यंत तेथे दहा वेळा यूएस ओपन झाली असून हा या स्पर्धेतील उच्चांक आहे. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा नॅशनल हे मैदान पूर्वीच्या एका रोपवाटिकेच्या जागेवर बॉबी जोन्स आणि अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी घडवले. तेथे १९३४ पासून मास्टर्स होते.

३. काठिण्याचे दोन उगम :

दोन्ही प्रकारची मैदाने कठीण असू शकतात. मात्र त्यांच्या काठिण्याचा उगम वेगळा आहे. किनारी मैदानाचे काठिण्य मुख्यतः हवामानातून येते, तर अंतर्देशीय मैदानाचे काठिण्य मुख्यतः संयोजकांच्या हातून तयार होते.

पहिल्या विधानाचे उदाहरण म्हणजे म्यूरफील्ड येथील २००२ ची ओपन. त्या वर्षीच्या मास्टर्स व यूएस ओपन या दोन्ही स्पर्धा टायगर वुड्स यांनी जिंकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वादळी पाऊस आला आणि त्यात सापडलेल्या वुड्स यांना ८१ फटके लागले. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर त्यांनी ६५ फटक्यांत फेरी पूर्ण केली. २०१० मध्ये सेंट अँड्र्यूज येथे रोरी मॅकिलरॉय यांनी पहिल्या दिवशी ६३ आणि वाऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ८० फटके घेतले. खेळाडू तोच, मैदान तेच. बदलले ते आकाश. सकाळी खेळणारे आणि दुपारी खेळणारे यांच्या वाट्याला येणारी हवा वेगळी असल्याने येथे दैवाचा भाग मोठा असतो, हा किनारी मैदानांवरील मुख्य आक्षेप आहे.

अंतर्देशीय मैदानावर संयोजक फेअरवे अरुंद करतात, रफ वाढवतात, ग्रीन कोरडे व वेगवान ठेवतात आणि खळगे अवघड जागी खणतात. ग्रीनची गती मोजण्याच्या 'स्टिम्पमीटर' या साधनाची कल्पना एडवर्ड स्टिम्प्सन यांना ओकमाँट येथील १९३५ ची यूएस ओपन पाहून सुचली, ही गोष्ट या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ज्या मैदानाचे काठिण्य मानवनिर्मित, तेथेच ते मोजण्याची गरज निर्माण झाली. न्यूयॉर्कजवळील विंग्ड फूट येथे १९७४ मध्ये हेल अर्विन पारपेक्षा ७ फटके अधिक घेऊनही विजयी ठरले. ऑगस्टा येथे ग्रीनखालील ओलावा खेचून घेणारी यंत्रणा बसवलेली आहे. म्हणजे पावसाचा परिणामही काही अंशी आटोक्यात ठेवता येतो.

हा भेद निरपवाद नाही. कार्नूस्टी येथील १९९९ च्या ओपनमध्ये अरुंद फेअरवे व दाट रफ यांमुळे संयोजकांवर टीका झाली होती. तेथे पारपेक्षा ६ फटके अधिक घेतलेल्या तिघांत जादा होलवर निर्णय झाला. उलट ओकमाँट येथे १९७३ मध्ये पावसाने ग्रीन मऊ केले आणि जॉनी मिलर यांनी अखेरची फेरी ६३ फटक्यांत पूर्ण करून स्पर्धा जिंकली. तथापि सर्वसाधारण प्रवृत्ती म्हणून वरील विधान टिकते.

४. एकच स्पर्धा, दोन प्रकारची मैदाने :

या प्रवृत्तीची पडताळणी करण्यासाठी पुरुषांची ओपन उपयोगी पडत नाही, कारण ती कधीच अंतर्भागात गेलेली नाही. महिलांची ब्रिटिश ओपन (आताची विमेन्स ओपन) मात्र २००१ मध्ये मेजर ठरल्यापासून दोन्ही प्रकारच्या मैदानांवर झाली आहे. २००१ ते २०२५ या काळातील २५ स्पर्धांपैकी सहा अंतर्देशीय व एकोणीस किनारी मैदानांवर झाल्या. विजेत्या खेळाडूंनी पारपेक्षा किती कमी फटके घेतले, हे पुढील तक्त्यात दिले आहे.

तक्ता क्र. १ : विजेतीचे पारपेक्षा कमी फटके

अंतर्देशीय मैदाने :
सनिंगडेल – ११ (२००१), १९ (२००४), १८ (२००८)
वोबर्न – १६ (२०१६), १८ (२०१९)
वॉल्टन हीथ – १४ (२०२३)

किनारी मैदाने :
टर्नबेरी – १५ (२००२), १२ (२०१५)
रॉयल लिदम – १० (२००३), ७ (२००६), ३ (२००९), १७ (२०१८)
रॉयल बर्कडेल – १६ (२००५), ११ (२०१०), १ (२०१४)
सेंट अँड्र्यूज – ५ (२००७), ८ (२०१३), ७ (२०२४)
कार्नूस्टी – १६ (२०११), १२ (२०२१)
रॉयल लिव्हरपूल – ९ (२०१२)
किंग्सबार्न्स – १८ (२०१७)
रॉयल ट्रून – ७ (२०२०)
म्यूरफील्ड – १० (२०२२)
रॉयल पोर्थकॉल – ११ (२०२५)

वरील आकड्यांवरून अंतर्देशीय स्पर्धांची सरासरी १६ व किनारी स्पर्धांची सरासरी सुमारे १०.३ येते. म्हणजे किनारी मैदानांवर विजेतीस सरासरीने जवळजवळ सहा फटके अधिक लागले. सरासरीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो विस्तार. अंतर्देशीय निकाल ११ ते १९ या पल्ल्यात, तर किनारी निकाल १ ते १८ या पल्ल्यात आहेत. एकट्या रॉयल बर्कडेलवर तीन स्पर्धांत १५ फटक्यांची तफावत आढळते. सनिंगडेलवर तीन स्पर्धांत ती ८ आहे. सेंट अँड्र्यूज येथील तीन निकाल मात्र परस्परांच्या जवळ आहेत, हेही नोंदवले पाहिजे.

सहा स्पर्धांचा संच लहान आहे. शिवाय मैदानांची लांबी, पार आणि सहभागी खेळाडूंची गुणवत्ता वर्षागणिक बदलते. म्हणून या आकड्यांकडे सिद्धता म्हणून नव्हे, तर सूचक पुरावा म्हणून पाहावे. ते असे सुचवतात की, किनारी मैदान नेहमीच कठीण असते असे नाही. ते अनिश्चित असते. हवा शांत असेल तर तेही विनासायास शरण येते.

५. सीमारेषेवरील मैदाने :

दोन प्रकारांचा भेद सर्वांत स्पष्ट होतो तो त्यांच्या सीमारेषेवर. न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरील शिनेकॉक हिल्स हे मैदान समुद्रापासून जवळ, वालुकामय आणि वाऱ्याच्या तोंडी आहे. त्याची तयारी मात्र यूएस ओपनच्या परंपरेनुसार, म्हणजे ग्रीन अतिशय कोरडे व वेगवान ठेवून केली गेली. २००४ मध्ये अखेरच्या दिवशी वारा सुटला आणि सातव्या ग्रीनवर चेंडू थांबेनासा झाला. शेवटी खेळ चालू असतानाच त्या ग्रीनवर पाणी शिंपडावे लागले. त्या दिवशीची सरासरी ७८.७ होती आणि एकाही खेळाडूस पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी पूर्ण करता आली नाही. २०१८ मध्ये तिसऱ्या दिवशी दुपारी असेच घडले व काही खळग्यांच्या जागा अयोग्य ठरल्याचे संयोजकांनी मान्य केले. निसर्गाने दिलेले काठिण्य आणि हाताने केलेले काठिण्य यांची बेरीज झाली की मैदान खेळण्याजोगे राहत नाही, हा या दोन प्रसंगांचा धडा आहे.

दुसरे उदाहरण विस्कॉन्सिनमधील व्हिसलिंग स्ट्रेट्सचे. मिशिगन सरोवराच्या काठावरील एका जुन्या लष्करी तळाच्या सपाट जागेवर पीट डाय यांनी वाळू आणून कृत्रिम टेकड्या रचल्या आणि शेकडो बंकर खणले. तेथे २०१० च्या पीजीए स्पर्धेत अखेरच्या होलवर डस्टिन जॉन्सन यांनी प्रेक्षकांनी तुडवलेल्या वाळूत काठी टेकवली. ती जागा नियमानुसार बंकर असल्याने त्यांना दोन फटक्यांचा दंड झाला आणि निर्णायक लढतीतील स्थान गेले. किनाऱ्याची प्रतिकृती उभारता येते, परंतु मोकळी वाळू कोणती आणि बंकर कोणता हा प्रश्नही तिच्यासोबत येतो. पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी यांनी २०१५ मध्ये याच मैदानावर पीजीए स्पर्धेत संयुक्त पाचवे स्थान मिळवले होते.

६. यजमानपदाच्या व्यावहारिक व सामाजिक अटी :

केवळ मैदान उत्तम असणे यजमानपदास पुरेसे नसते. २४ वेळा ओपन भरवलेले प्रेस्टविक १९२५ नंतर मागे पडले, कारण तेथील अरुंद जागेत प्रेक्षकांची गर्दी आवरेना. २०२२ मध्ये सेंट अँड्र्यूज येथील १५० व्या ओपनला सुमारे २ लाख ९० हजार प्रेक्षक उपस्थित होते. उत्तर आयर्लंडमधील रॉयल पोर्टरश येथे १९५१ नंतर थेट २०१९ मध्ये ओपन परतली. त्यासाठी दोन नवे होल बांधण्यात आले आणि जुन्या शेवटच्या दोन होलची जागा प्रेक्षकांच्या व्यवस्थेसाठी वापरण्यात आली.

मालकीचा प्रश्नही मैदानाच्या प्रकाराशी निगडित आहे. स्कॉटिश लिंक्स ही अनेक ठिकाणी गावाची सामाईक जमीन होती. सेंट अँड्र्यूजची मैदाने आजही सार्वजनिक असून १९७४ च्या कायद्यान्वये एक न्यास त्यांचे व्यवस्थापन पाहतो. ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी तेथे फिरावयास येतात. अमेरिकेतील बहुतेक प्रतिष्ठित अंतर्देशीय मैदाने मात्र खासगी क्लबांची आहेत. पूर्णतः सार्वजनिक मालकीच्या मैदानावर यूएस ओपन प्रथम भरली ती २००२ मध्ये, बेथपेज ब्लॅक येथे.

खासगी क्लबांच्या संदर्भात यजमानपद हे सामाजिक बदलाचे साधनही ठरले आहे. १९९० मध्ये अलाबामातील शोल क्रीक येथील पीजीए स्पर्धेपूर्वी कृष्णवर्णीयांना सदस्यत्व नाकारण्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि त्यानंतर यजमान क्लबांच्या सदस्यत्वाविषयीची धोरणे बदलली. ऑगस्टा नॅशनलने पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये व पहिल्या महिला सदस्य २०१२ मध्ये स्वीकारल्या. किनारी मैदाने याला अपवाद नव्हती. म्यूरफील्डच्या सदस्यांनी २०१६ मध्ये महिलांच्या प्रवेशास आवश्यक बहुमत दिले नाही. त्याच दिवशी ओपनचे संयोजन करणाऱ्या आर अँड ए या संस्थेने ते मैदान यादीतून वगळले. २०१७ मध्ये निर्णय बदलला, तेव्हाच ते परत आले. २०२२ मध्ये त्याच मैदानावर विमेन्स ओपन झाली.

७. किनाऱ्याचे भवितव्य :

किनारी मैदानांसमोरील आजचा गंभीर प्रश्न त्यांच्या अस्तित्वाचा आहे. समुद्राची वाढती पातळी आणि तीव्र वादळे यांमुळे वाळूच्या टेकड्यांची धूप होते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील माँट्रोझ या प्राचीन मैदानाजवळ समुद्र तीस वर्षांत सुमारे ७० मीटर आत सरकल्याचे डंडी विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढे आले आहे. तेथे टीच्या जागा मागे घेण्याची वेळ आली. सेंट अँड्र्यूज येथेही किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्या जपण्याचे व पुन्हा उभारण्याचे काम करावे लागते.

दुसरीकडे, मैदाने स्वतःही किनाऱ्यावर भार टाकतात. अ‍ॅबर्डीनशायरमधील मेनी येथे हलत्या वाळूच्या टेकड्यांवर २०१२ मध्ये नवे मैदान सुरू झाले. त्या टेकड्यांना असलेला विशेष वैज्ञानिक महत्त्वाचा दर्जा २०२० मध्ये काढून घेण्यात आला, कारण ज्या वैशिष्ट्यांसाठी तो दिला होता ती नष्ट झाली होती. किनाऱ्याचा सन्मान करणाऱ्या खेळानेच किनारा स्थिर करून टाकावा, हा येथील विरोधाभास आहे.

या पार्श्वभूमीवर पाइनहर्स्टचा अनुभव मार्गदर्शक ठरतो. तेथे २०१० व २०११ मध्ये पाणी घालून वाढवलेले गवत मोठ्या प्रमाणावर काढून मूळची वाळू व रानगवत परत आणण्यात आले. पाण्याचा वापर घटला आणि २०१४ मध्ये पुरुष व महिला यांच्या यूएस ओपन स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत तेथे यशस्वीपणे पार पडल्या. अंतर्देशीय मैदानास किनारी मैदानाकडून शिकता येते, ते दृश्य नव्हे तर पद्धती : जी माती आहे तिला साजेसे गवत आणि शक्य तितके कमी पाणी.

निष्कर्ष :

१) किनारी व अंतर्देशीय हा भेद मूलतः समुद्राच्या अंतराचा नसून माती, निचरा व वारा यांचा आहे.

२) किनारी मैदानावर काठिण्य प्रामुख्याने हवामान ठरवते आणि निकाल अनिश्चित राहतात, अंतर्देशीय मैदानावर ते प्रामुख्याने संयोजक ठरवतात. म्हणून अन्यायाची तक्रार पहिल्या ठिकाणी दैवाकडे, तर दुसऱ्या ठिकाणी माणसाकडे जाते.

३) वाऱ्याच्या मैदानास अंतर्देशीय पद्धतीची कठोर तयारी मानवत नाही, हे शिनेकॉक हिल्स येथे दोनदा दिसून आले.

४) यजमानपदाचा निर्णय केवळ क्रीडाविषयक नसतो. जागेची उपलब्धता, मालकी आणि सदस्यत्वाची धोरणे त्यात निर्णायक ठरतात.

५) ओपन अंतर्भागात नेणे व्यवहारतः अशक्य नाही, विमेन्स ओपनने ते करून दाखवले आहे. मात्र तसे झाल्यास स्पर्धेचे ठिकाणच नव्हे, तर तिने विचारलेला प्रश्नही बदलेल. पुढील दिवशी कोणता वारा येईल हे ठाऊक नसताना खेळण्याची कसोटी आज या चार स्पर्धांपैकी एकटी ओपन दरवर्षी घेते. त्यामुळे लिंक्सचे रक्षण हा पर्यावरणाइतकाच या खेळाच्या वैविध्याचाही प्रश्न आहे.